कोरड्या हाताचे धोंडे

चुलीवर न चढता जे तयार होतं, त्याला बोरीच्या धुरपताबाई गोड म्हणायलाच तयार नव्हत्या. त्याला त्या पोरखेळ म्हणत. आणि गंमत अशी की हा पोरखेळ कैक वर्षांपासून त्यांच्याच घरात, त्यांच्याच ओट्यावर, त्यांचीच सून राजेश्री मांडून बसत होती आणि अख्खं गाव त्याचं कौतुक करत होतं. आता अशा वेळी सासूनं करावं तरी काय? तोंड वाकडं करावं आणि लक्ष ठेवावं. धुरपताबाई दोन्ही कामं मन लावून करत.

त्यांना तो अधिकारही होता. बोरीत पुरण म्हटलं की धुरपताबाई. डाळ कधी उतरवायची, गूळ कधी घालायचा, हे त्या वासावरून सांगत. पुरणात उलथनं उभं राहिलं पाहिजे, पडलं तर ते पुरण नव्हे, पिठलं, असं त्या नव्या सुनांना तोंडावर ऐकवत. धोंड्याचा महिना आला, म्हणजे गावात घरोघरी लेकी-जावई जेवायला यायचे आणि कणकेत पुरण भरून उकडलेले गोल धोंडे जावयाच्या ताटात पडायचे. त्या महिन्यात धुरपताबाईंना स्वतःच्या घरी जेवायची फुरसत नसे. या घरातून त्या घरात, पदर खोचलेला, हाताला गुळाचा वास.

हे सगळं मंजुषा होती तोवर.

मंजुषा त्यांची एकुलती एक लेक. चुडाव्याला दिली होती, परमेश्वरला. जावई सरळ माणूस, थोडं शेत आणि स्टेशनच्या रस्त्याला पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करून द्यायचं दुकान. लेक माहेरी आली की आधी स्वयंपाकघरात शिरायची आणि भगुण्याच्या बुडाला लागलेलं गरम पुरण बोटानं खरवडून खायची. आई ओरडायची, लेक हसायची. एका पावसाळ्यात तिला ताप आला, डेंग्यूचा. परभणीला नेलं, पण उशीर झाला होता. मागं राहिली पिंकी. धड बोलताही येत नव्हतं एवढी लहान.

त्या दिवसानंतर धुरपताबाईंनी पुरण केलं नाही. पुरणयंत्र धुऊन, पुसून, जुन्या धोतरात बांधून माळ्यावर टाकलं. होळीला खीर, पोळ्याला खीर. किशनराव, म्हणजे त्यांचे मालक, आणि मुलगा बजरंग वाढली ती खीर खाऊन उठत. होळीला पुरणपोळी नसलेलं घर मराठवाड्यात शोधून सापडायचं नाही. हे एक होतं, आणि त्याचं कारण ज्याला त्याला ठाऊक होतं.

पिंकीला तेव्हा आजोळीच आणून ठेवलं होतं. पोर काही म्हणता काही खाईना. भाताचा घास गालात धरून बसायची आणि दाराकडं बघायची. सगळ्यांनी सगळं करून पाहिलं. एकदा तिनं बजरंगच्या मोबाईलवर कुठल्या तरी केकचं चित्र बघून त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे."

राजेश्रीनं ते ऐकलं.

राजेश्री मानवतची. बाप धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचा, आई लोकांचे पापड लाटायची. बारावीपर्यंत शिकून या घरात आली तेव्हा तिच्या हातात मिरवावं असं काही नव्हतं. पोळी बरी, भाजी बरी, बाकी सगळं बरंच. सासूच्या पुरणापुढं तर ती उभीच राहत नसे. पण तिची एक खोड होती: एखादी गोष्ट करायची ठरवली की ती जमत नाही हे तिला चार वेळा सांगावं लागे, आणि चार वेळा सांगूनही ती पाचव्यांदा करायला बसे. ओव्हन घरात नव्हता. गावातही कोणाकडं नव्हता. म्हणून तिनं मोबाईलवर शोधून काढलं की भट्टीशिवाय काय काय होतं. जिंतूरहून चॉकलेटची लादी मागवली, दुकानातून बिस्किटं आणली आणि कडेवर पिंकीला घेऊन ओट्याशी उभी राहिली.

लादी फोडली, वितळवली, झकास झाली. बिस्किटांचा चुरा घातला. आता लाडू वळायचे. वळायचे म्हणजे आपल्याकडं काय करतात? भाकरी थापायला पाणी, धोंडे वळायला पाणी, हात ओला केल्याशिवाय आपल्या बाईचा हात चालत नाही. राजेश्रीनं पाण्याच्या वाटीत मोकळा हात बुडवला आणि मिश्रणात घातला. बघता बघता त्या चमकणाऱ्या चॉकलेटनं कणी धरली, ते रवाळ झालं आणि मग घट्ट होऊन भगुण्याच्या तळाला काळं काळं बसलं. चमचा घातला तर चमचा निघेना.

धुरपताबाई दारातून बघत होत्या. त्या पुढं आल्या, भगुणं तिरकं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "आगं, बजरंगला सांग, जिंतूरच्या रस्त्याला खड्डे पडलेत. तिकडं दे हे, डांबर म्हून चालंल."

आणि त्या हसल्या. लेक गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या. राजेश्री चॉकलेटनं माखलेल्या हातानं तशीच उभी राहिली. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण तिला इतका आनंद झाला की ती पण हसत सुटली, आणि कडेवरची पिंकी या दोघींच्या तोंडाकडं बघून हसली. त्या डांबराचा एक तुकडा तिनं तोंडात घातला, चोखला आणि आणखी मागितला. त्या दिवशी पोरीच्या पोटात काहीतरी गेलं.

पाण्याचा एक थेंबही चॉकलेटला चालत नाही, हे राजेश्री तेव्हा शिकली. मग तिनं हाताला तूप लावलं. खालच्या भगुण्यात पाणी उकळायचं, वरचं भांडं त्या पाण्याला टेकू द्यायचं नाही, झाकणाच्या वाफेचं पाणी आत पडू द्यायचं नाही, आणि दस्ती कायम खांद्यावर, हात कोरडे करायला. हळूहळू तिला सगळं यायला लागलं. शेंगदाण्याच्या वड्या, तिळाच्या चिक्कीवर चॉकलेटचा थर, बिस्किटांचे थर लावून फ्रिजात ठेवलेला केक. गावात पोरांचे बड्डे होतात आता, कोणाचा केक परभणीहून उन्हात येताना वितळून येतो. त्यापेक्षा राजेश्रीचा बरा. चौदा एप्रिलला मिरवणुकीतल्या लेकरांना वाटायला धम्मानंद मास्तर तिच्याकडूनच वड्या नेऊ लागले. दर वर्षी वाटताना लेकरांना विचारत, "कोणी केल्या?" आणि लेकरं एका सुरात ओरडत, "राजेश्रीकाकूनं!"

तिची सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच. कोणी बाई शिकायला आली की बाकीच्या हुशार बायका मोजून मापून, एखादी गोष्ट हातची राखून सांगतात. राजेश्री आधी डांबराची गोष्ट सांगायची. आपल्या सगळ्या चुका, एकेक करून, हसत हसत. "हितं म्या फसले, तुमी फसू नका," म्हणायची. त्यामुळं तिच्याकडून शिकून गेलेल्या बाईचं पहिल्याच दिवशी जमायचं आणि तिला वाटायचं की आपणच फार हुशार. राजेश्री त्या बाईचं तसं वाटणं मोडत नसे. मनाचा असा मोठेपणा धुरपताबाईंनी भल्या भल्या घरांत पाहिला नव्हता. हे त्यांना दिसत होतं. बोलत मात्र नव्हत्या, आणि सुनेनं केलेलं चॉकलेट त्यांनी कधी जिभेवरही ठेवलं नव्हतं. "चूल न पाहिलेलं म्या खात न्हाई," विषय संपला. शेगडीवर चढतं ते खालचं पाणी, चॉकलेट नव्हे, हा त्यांचा हिशोब.

मग परमेश्वरनं दुसरं लग्न केलं. पोर लहान, आई म्हातारी, माणसानं करायचं काय? सगळ्यांना पटलं, धुरपताबाईंना पटलं नाही. तो पिंकीला न्यायला आला तेव्हा त्यांनी पोरीचे कपडे घडी करून पिशवीत भरले, तिच्या कपाळाला मुका घेतला आणि जावयाकडं न बघता आत गेल्या. "संपलं चुडावं," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर एक धोंडा महिना येऊन गेला. गावभर जावई आले. या घराच्या दारात कोणी आलं नाही, कोणाला बोलावणं गेलं नाही. राजेश्री मात्र पिंकीच्या वाढदिवसाला डबा घेऊन चुडाव्याला जायची. सासूला सांगून जायची. धुरपताबाई "हं" म्हणायच्या, आणि ती परत आली की सगळं सोडून तिच्या आसपासच तांदूळ निवडत बसायच्या. राजेश्री मग बजरंगला सांगत असल्यासारखं मोठ्यानं सांगायची, पिंकीचे दात पडले, पिंकी पाढे म्हणती, पिंकी उंच झाली.

यंदाचा धोंडा आला तो भर उन्हाळ्यात, जेठात. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. सकाळीच अंगण पोळायचं, दुपारी कुत्रंसुद्धा बाजेखालून हलायचं नाही. तरी जावई येत होते. शेजारी आला, समोर आला. पुरणाचा वास भिंती ओलांडून येत होता आणि धुरपताबाई नाकाला पदर लावून सूप पाखडत होत्या.

"आत्याबाई," राजेश्री म्हणाली, "औंदा चुडाव्याला बोलावणं धाडायचं का?"

सूप थांबलं. "कोणाला?"

"दाजींना. पिंकीला."

"जावई लेकीवर आसतो. लेक न्हाई, जावई कुठला? त्याची सासू दुसरी हाय आता. घालील ती धोंडे." सूप पुन्हा सुरू झालं, जरा जोरात. "आन् माझ्यानं पुरण होत न्हाई."

"पुरण कशाला? म्या चाकलेटचे करते. तुमी चुलीपाशी यायचं कामच न्हाई."

धुरपताबाईंनी सूप खाली ठेवलं. आता ही बाई कडाडणार, असं बाजेवरच्या किशनरावांना वाटलं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. पण धुरपताबाई म्हणाल्या, "धोंड्याच्या वाणाला जाळीचं लागतं. अनारसा आसतो, बत्तासा आसतो. त्याला जाळी आसती. तुझं चाकलेट म्हंजे फरशी. गुळगुळीत. ते वाणाला चालत न्हाई."

राजेश्रीला हसू आलं होतं, ते तिनं दस्तीत दडवलं. जावयावरून गोष्ट जाळीवर आली होती. जाळीचं बघता येतं.

पुढच्या बाजाराला तिनं फुटाणेवाल्याकडून ज्वारीच्या लाह्या फोडून आणल्या. पांढऱ्या, फुललेल्या, हलक्या. परभणीच्या मातीतली ज्वारी, तिची लाही अशी फुलते की हातात धरली तर वजन लागत नाही. वितळलेल्या चॉकलेटमध्ये लाह्या घातल्या, तुपाचा हात घेऊन वळल्या. पहिल्या वेळी लाह्या मऊ पडल्या. चॉकलेट फार गरम होतं. दुसऱ्या वेळी चॉकलेट निवू दिलं, तर वळेपर्यंत घट्ट झालं. तिसऱ्या वेळी जमलं, आणि तेवढ्यात लाईट गेली. फ्रिज बंद. बाहेर ऊन असं की वळलेले गोळे ताटातच बसायला लागले, कडा सुटल्या, ताटभर काळं तळं झालं.

राजेश्री खाली बसली. घामानं कपाळ निथळत होतं. हार मानल्यासारखी ती पहिल्यांदाच दिसली.

धुरपताबाई तिच्याकडं बघत नव्हत्या. फ्रिजकडं बघून बोलत होत्या, लेकी बोले सुने लागे तशा. "आमी काय ह्या डबड्यात लोणी ठिवत होतो का? मोठ्या डेऱ्यात ओली वाळू भरायची, वाळूत बारका डेरा बसवायचा, वरून ओलं पोतं. वारा लागंल तिथं ठिवायचा. बैसाखात लोणी कडक ऱ्हायचं. आता सगळ्यांना लाईट पायजे."

राजेश्री उठली. गोठ्यामागं पडलेला डेरा आणला, नदीची वाळू भिजवून भरली, आत लहान माठ बसवला. पोतं भिजवून टाकलं, पडवीच्या वाऱ्याच्या तोंडाला ठेवलं. माठाच्या आत मात्र कोरडं फडकं, आणि गोळे डब्यात घट्ट झाकून. पाण्याचा थेंब नाही. संध्याकाळी डबा काढला तर गोळे टणक. एक गोळा तिनं सासूसमोर मोडला. कडकन आवाज झाला. मोडलेल्या बाजूला लाहीलाहीतून बारीक बारीक भोकं दिसत होती.

धुरपताबाईंनी अर्धा गोळा दारातल्या उजेडाकडं धरला. एक डोळा मिटून पाहिला. अनारसा पाहावा तसा पाहिला, खोट काढायची म्हणून पाहिला, आणि खोट सापडली नाही.

"जाळी हाय," त्या म्हणाल्या.

एवढंच. पण राजेश्रीला माहीत होतं की उभ्या बोरीत आजवर कोणाच्या अनारशाला या बाईनं हे दोन शब्द सहजासहजी दिले नव्हते. तिनं त्याच संध्याकाळी फोन लावला.

आणि फोन लावून आली तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं. राजेश्री लपवाछपवी करणारी नव्हती, ताकाला जाऊन भांडं लपवणं तिला ठाऊकच नव्हतं. तिनं सरळ सांगितलं. "दाजी म्हणले, येतो. पर बायकूला घेऊन येतो. शिवकांताला सोडून पिंकीला घेऊन जेवायला यायचं, हे त्यांच्यानं होणार न्हाई. दोघांना पाट मांडणार आसाल तर बोलवा, म्हणले."

धुरपताबाईंचा चेहरा कसनुसा झाला. धोंडे काही एकट्या जावयाचे नसतात. जोडी बसवायची असते. लेकीला पाट, जावयाला पाट, लेकीची ओटी. त्या पाटावर आता परकी बाई?

"माझ्या मंजीच्या पाटावर?" त्या म्हणाल्या. "दुसरीला? म्या?"

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही ताट पुढं सरकवून उठल्या. शेवटी किशनराव, जे घरातल्या कुठल्याच भांडणात कधी पडत नसत, बाजेवर उठून बसले आणि म्हणाले, "पाट रिकामा ठिवल्यानं मंजी येती व्हय? मंजीची पोर यायली हाय. ती बी जाऊ दे म्हंतीस का?"

धुरपताबाई हो म्हणाल्या नाहीत, नाही पण म्हणाल्या नाहीत. सासूच्या न बोलण्याचा अर्थ राजेश्रीला इतक्या वर्षांत लागू लागला होता. तिनं चुडाव्याला कळवलं, या.

ते आले. चुडाव्याहून आगगाडीनं परभणीला आणि तिथून एस्टीनं बोरीला, घामाघूम होऊन. परमेश्वरच्या डोक्यावर नवा रुमाल, केसांत पांढरं आलं होतं. मागं एक सावळी, किरकोळ बाई, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. आणि तिच्या पदराचं टोक मुठीत धरून पिंकी. दोन वेण्या, पुढचे दात नवे, मोठे. ओठांची ठेवण थेट मंजुषाची. धुरपताबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि चौकट धरली. पुढं मात्र झाल्या नाहीत. पोर पण आजीकडं बघत राहिली, ओळखीचं आणि अनोळखी यांच्या मधोमध.

राजेश्रीनं पाय धुवायला पाणी दिलं, सरबत दिलं, पंख्याखाली बसवलं. दोन पाट मांडले. रांगोळी काढली. पोळ्या, आमरस, वांग्याची भाजी, कुरडया. सगळं तिनं एकटीनं केलं. जेवणं झाली. मग तिनं डेऱ्यातून डबा काढला आणि ताटात चॉकलेटचे धोंडे रचले, खाली ताजं फडकं, मध्ये दिवा. धोंडे-वाणाचं ताट जावयाच्या पुढं ठेवलं. परमेश्वरनं हात जोडले.

उन्हाची वेळ. धोंडे घामेजायला लागले. राजेश्री म्हणाली, "उचला बाई लौकर, न्हाईतर ताट चाटावं लागंल." शिवकांता नुकतीच हात धुऊन आली होती. तिनं हात पुढं केला, तोच पिंकी ओरडली.

"आई, हात कोरडा कर! मामी काय म्हणती? पाण्याचा थेंब चालत न्हाई!"

शिवकांतानं चटकन हात मागं घेतला, पदराला पुसला आणि लाजून राजेश्रीकडं बघितलं. "फोनवर शिकवलंत त्या वड्यांना पयल्यांदा म्या बी ओलाच हात लावलता. तवापासून ही माझ्यावर नजर ठिवून आसती. आयतवारी करावंच लागतं हिला."

धुरपताबाईंना बाकीचं नंतर ऐकू आलं. आधी ऐकू आला तो एकच शब्द. आई. पोरीनं तो किती सहज म्हटला होता. कोणी तरी आपल्या लेकीचं नाव घरातून पुसून नेलं, असं त्यांना वाटलं, आणि त्याच क्षणी हेही कळलं की दर आयतवारी पोरीसाठी कोणी तरी ओट्याशी उभं राहतं, चुकतं, आणि पुन्हा करतं.

"आत्याबाई," राजेश्रीनं कुंकवाचा करंडा त्यांच्या हातात ठेवला. "सवाशीण हाय. कुंकू लावा."

धुरपताबाई पुढं गेल्या. नाइलाजानं गेल्या. शिवकांता वाकली. कुंकू लावायला तिचा पदर जरा मागं सरला आणि धुरपताबाईंचा हात थांबला. मंगळसूत्राच्या शेजारी काळ्या दोऱ्यात चांदीची बारकी पुतळी होती. दुसरेपणावर दिलेली बाई पहिलीच्या नावाची अशी पुतळी गळ्यात घालते. जुनी रीत. हल्लीच्या पोरी घालत नाहीत. मेलेल्या सवतीला कोण गळ्यात बांधून घेतं?

"ही कोणी घातली?" धुरपताबाईंनी विचारलं. इतक्या वेळात त्यांनी शिवकांताला बोललेलं हे पहिलं वाक्य.

"म्याच मागून घेतली," शिवकांता खालमानेनं म्हणाली. "घरचे नको म्हणत व्हते. पर पिंकी बारकी व्हती तवा लय इचारायची, माझी पयली आई कुठं हाय? वर बोट दाखवून किती दिस भागणार? मग म्हणलं, हितं हाय बग. राती हात लावून झोपती."

पिंकीनं येऊन खरंच पुतळीला हात लावून दाखवला. मग ताटातला एक धोंडा उचलून, दोन्ही तळहात आधी फ्रॉकला पुसून, आजीच्या पुढं धरला. "आजी, तू खा की. वितळायलंय."

चूल न पाहिलेलं न खाणाऱ्या धुरपताबाईंनी तोंड उघडलं. पोरीनं धोंडा अख्खा आत लोटला. लाही कुरकुरली, मग ते कडू-गोड जिभेवर पसरलं आणि विरघळलं. धुरपताबाई चावत होत्या आणि रडत होत्या, आणि दोन्ही गोष्टी लपवायला त्यांना पदर पुरेना. चांगलं झालं होतं. खोटं कशाला बोला, फार चांगलं झालं होतं.

त्यांनी डोळे पुसले, करंड्यातलं कुंकू शिवकांताच्या कपाळी ठसठशीत लावलं, आणि मग जुन्या आवाजात, जो आवाज या घरानं कैक वर्षांत ऐकला नव्हता, त्या कडाडल्या.

"राजेश्री! बगत काय बसलीस? लेक पयल्यांदा माहेरी आली आन् तिला गार खाऊ घालून वाटंला लावायली व्हय? आज कोणी जात न्हाई हितून. हरभऱ्याची डाळ टाक कुकरला. आन् बजरंगला म्हणाव माळ्यावरनं यंत्र काढ."

राजेश्री हलली नाही. तिनं नुसतं ओट्यावरच्या कुकरचं झाकण उचललं. आत डाळ होती, बोटानं मोडेल अशी शिजलेली, कट बाजूला काढून ठेवलेला. शेजारी फडक्यावर पुरणयंत्र होतं, धुतलेलं, पुसून कोरडं केलेलं. त्याच्या शेजारी चिरलेला गूळ.

धुरपताबाई कुकरात बघत राहिल्या. मग सुनेकडं.

"कवा लावलीस?"

"तुमी देवापाशी बसल्या तवा."

"आन् म्या न्हाईच म्हणले आसते तर?"

"तर काय, आत्याबाई," राजेश्री दस्तीला हात पुसत म्हणाली, "राती वरण केलं आसतं."

धुरपताबाईंनी पदर खोचला आणि शेगडी पेटवली.